भासरे डोकं चाचपून स्वभाव सांगतात, पोराला चोर ठरवून बसले

पत्र: ताई नमस्कार, मी मनीषनगरला राहते, एकत्र कुटुंब आहे. माझे भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, रिटायर झाले तेव्हापासून त्यांना नवीन नाद लागला. सीताबर्डीच्या फूटपाथवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आले, त्यात टकल्या माणसाच्या डोक्यावर खाने पाडले आहेत आणि प्रत्येक खान्यात एक एक गुण लिहिला आहे. आता घरात येईल त्याचं डोकं चाचपून स्वभाव सांगून राहिले. याला फ्रेनॉलॉजी म्हणतात म्हणे. सासूबाईंना वाटलं फिरनी, माझा आठवीतला मुलगा म्हणते फिरनॉलॉजी. आधी आम्ही सगळे हसलो. पण मुलाच्या कानाच्या वर, थोडं पुढे, जरा उंचवटा आहे, तो पाहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे घेण्याचं टेंगूळ आहे, याचा हात चिकट राहील. त्यानंतर काही दिवसांनी सासूबाईंच्या डब्यातून पाचशेची नोट गेली. कोणी काही बोललं नाही पण सगळ्यांनी त्याच्याचकडे पाहिलं. तेव्हापासून पोरगा डोक्यावर हात लावू देत नाही, मला पण नाही. मिस्टर म्हणतात दादाला मी काय बोलू, त्याला बरं वाटते न, करू दे. या शब्दाचा नेमका अर्थ काय, यात काही खरं आहे का, आणि मी काय करू? ता. क. पोरगा विज्ञान प्रदर्शनात हाच विषय घेतो म्हणते. घेऊ देऊ का? (एक आई)

ताई, तुमचा खरा प्रश्न तुम्ही पत्राच्या पोटात लपवून ठेवला, पोरगा मला पण हात लावू देत नाही हा. तिथे येतेच मी. पण आधी शब्दाचं निपटवू, कारण भासऱ्यांची अर्धी ताकद त्या शब्दातच आहे. समजा ते म्हणाले असते की मी टेंगूळ पाहून माणूस ओळखतो, तर तुमच्या सासूबाईंनीच त्यांना चूप बस म्हटलं असतं न. पण फ्रेनॉलॉजी म्हटलं, वरून इंग्रजी पुस्तक, त्यात खाने पाडलेलं डोकं, झालं, घरभर दरारा.

तर फ्रेन हा ग्रीक शब्द, अर्थ मन किंवा बुद्धी, आणि लॉजी म्हणजे शास्त्र हे तर सायकॉलॉजी, झूऑलॉजीमुळे आपल्याला पाठच आहे. म्हणजे सरळ अर्थ झाला मनाचं शास्त्र. नावात कवटी कुठेच नाही बघा, आणि टेंगूळ तर नाहीच नाही. त्यातही गंमत अशी की फार जुन्या ग्रीक लोकांचं हे फ्रेन डोक्यात राहतच नव्हतं, ते छाती आणि पोटाच्या मधे कुठेतरी राहायचं, श्वासाचा पडदा असतो न त्या भागात. आजही त्या पडद्याला जाणाऱ्या नसेला डॉक्टर लोक फ्रेनिक नर्व्ह म्हणतात, आपल्याला उचकी लागते ती याच पडद्याच्या झटक्याने. म्हणजे शब्दाला धरून चालायचं तर भासऱ्यांनी पोराचं डोकं सोडून बरगड्यांच्या खाली चाचपायला पाहिजे! आणि मला विचाराल तर ग्रीकांचं मला पटते, आपणही मराठीत तेच करतो. माया पोटात असते, भीतीचा गोळा पोटात येतो, गुपित पोटात ठेवतो, धडकी छातीत भरते. डोक्यात काय जाते? एक तर राग जातो नाहीतर हवा जाते.

याच फ्रेनचं पिल्लू स्किझोफ्रेनिया या शब्दात आहे, आणि इंग्रजीत डोकं फिरल्यासारखं वागण्याला फ्रेंझी म्हणतात तेही याच घराण्यातलं. म्हणजे हा शब्द ग्रीसहून निघून आपल्या पागलखाना चौकापर्यंत बरोबर येऊन पोचते. तुमच्या पोराने फिरनॉलॉजी म्हटलं ते शब्दाच्या कुळाला धरूनच आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या.

आता ज्याने ही विद्या काढली त्याने हे नाव ठेवलंच नाही. तो होता फ्रान्झ जोसेफ गाल, जन्म 1758, जर्मन डॉक्टर, व्हिएन्नात प्रॅक्टिस करायचा. शाळेत असताना त्याच्या लक्षात आलं की पाठांतरात जी पोरं त्याच्या पुढे जातात त्यांचे डोळे बटबटीत आहेत. एवढ्यावर याने ठरवलं की डोळ्यांच्या मागे भाषेचा भाग असेल, तो मोठा म्हणून डोळे बाहेर आले. मग तिथून सुटलाच तो. मेंदू म्हणजे एक अवयव नसून वेगवेगळे 27 अवयव आहेत, जो गुण जास्त त्याचा अवयव मोठा, जो अवयव मोठा तिथे कवटी वर उचललेली, म्हणून कवटी चाचपा आणि माणूस वाचा. त्याने कवट्या जमवल्या, कैदी पाहिले, वेडे पाहिले, रस्त्यावरची पोरं घरी बोलावून त्यांची डोकी तपासली. फ्रेनॉलॉजी हे नाव 1815 मध्ये थॉमस फॉर्स्टर नावाच्या एका इंग्रजाने चिकटवलं आणि गालचा शिष्य स्पुर्झहाइम ते गावोगाव घेऊन फिरला, शेवटी 1832 मध्ये अमेरिकेत व्याख्यानं देता देताच बोस्टनला वारला. टवाळखोर लोक मात्र याला बम्पॉलॉजी म्हणायचे, बम्प म्हणजे टेंगूळ, म्हणजे टेंगूळशास्त्र. हे नाव मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, घरात आजपासून हेच चालू करा, अर्धं काम तिथेच होईल.

तुमच्या पोराच्या टेंगळाचं पुस्तकातलं नाव अ‍ॅक्विझिटिव्हनेस असेल. या नावाची गोष्ट नीट ऐका कारण तुमचं सगळं दुखणं तिथेच आहे. गालने जी पोरं तपासली त्यात चोऱ्या करणारी पोरं होती, आणि त्यांच्या डोक्याला कानाच्या वर पुढे उंचवटा दिसला म्हणे. त्याने सरळ लिहिलं, हा चोरीचा अवयव. पुढे शिष्यांना वाटलं की देव माणसाच्या डोक्यात चोरीचा अवयव काऊन बसवेल, म्हणून त्यांनी नाव सौम्य केलं, मिळवण्याची वृत्ती. टेंगूळ तेच, जागा तीच, फक्त पाटी बदलली. आता हेच टेंगूळ इतवारीतल्या एखाद्या सराफाच्या डोक्यावर सापडलं तर भासरे काय म्हणतील? वा, काय धंद्याची अक्कल आहे! कलेक्टरच्या डोक्यावर सापडलं तर म्हणतील ज्ञान मिळवण्याची ओढ. आणि आठवीतल्या पोराच्या डोक्यावर सापडलं तर हात चिकट. म्हणजे वाचली कवटी नाही गेली, वाचलं गेलं ते पोराचं वय आणि घरातली जागा, की हा लहान आहे, याच्याबद्दल काहीही बोललं तरी चालते.

आणि बाप्पा, हे काही तुमच्या घरीच झालेलं नाही, ही विद्या अशीच वापरली गेली. आपल्या जवळचंच उदाहरण सांगते. मध्य प्रदेशातलं सागर माहीत आहे न, पुढे 1861 पासून जे इंग्रजांच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस या प्रांतात आलं, ज्याची राजधानी आपलं नागपूर. त्या सागरला 1830 च्या दशकात ठगांवर, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांवर, खटले चालले, फाशी झाली, आणि तिथल्या हेन्री स्प्राय नावाच्या इंग्रज सर्जनने फाशी गेलेल्या सात जणांच्या कवट्या स्कॉटलंडला एडिनबरोच्या फ्रेनॉलॉजी सोसायटीकडे पाठवल्या. एडिनबरोत 1820 पासून ही सोसायटी होती, आणि कलकत्त्यातही 1825 मध्ये तशीच एक निघाली होती. आता विचार करा, ठग म्हणून चिठ्ठी लावून कवटी टेबलावर ठेवली तर तपासणारा काय शोधेल? निकाल आधी आणि तपास नंतर. पाचशेची नोट गेली तेव्हा सगळ्यांनी पोराकडे पाहिलं ते याच रीतीने.

आपल्याकडे सामुद्रिक, म्हणजे अंगावरची लक्षणं पाहून माणूस सांगायची विद्या, होतंच की, असं भासरे म्हणतील. होतं. समुद्र ऋषींच्या नावावरून म्हणतात त्याला, पाण्याच्या समुद्राशी काही देणंघेणं नाही. आणि सटवाई पाचव्या-सहाव्या दिवशी कपाळावर लिहून जाते हेही आपल्या घरोघरी होतं, पण सटवाईचं एक बरं, तिचं अक्षर कोणालाच वाचता येत नाही, त्यामुळे ती कोणाच्या पोराला चोर म्हणत नाही. इंग्रजीत मात्र कपाळाचं हे वेड भाषेतच बसलं, भारी अभिरुचीच्या माणसाला हायब्रो म्हणतात ते उंच कपाळ म्हणजे जास्त बुद्धी या समजुतीतून आलेलं आहे. आपले समीक्षक पण बिनधास्त वापरतात, त्यांना कोणी सांगा की तुम्ही टेंगूळशास्त्र बोलून राहिले.

यात खरं किती, हा तुमचा दुसरा प्रश्न. एक गोष्ट गालची बरोबर निघाली, की मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची कामं वेगवेगळी असतात. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरने एका पेशंटचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तो माणूस फक्त "तान" एवढंच बोलू शकायचा, आणि मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. बोलण्याच्या त्या भागाला आजही ब्रोकाचं नाव आहे. पण ते कळलं मेंदू उघडून पाहिल्यावर, बाहेरून डोकं दाबून नाही. कवटी म्हणजे काही मेंदूवर घट्ट बसवलेलं कापड नाही, तिची जाडी जागोजागी वेगळी असते, भुवयांच्या मागे तर हवेच्या पोकळ्या असतात. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे 6000 लोकांचे एमआरआय घेऊन ही जुनी विद्या शांतपणे तपासली, टेंगळाचा आणि स्वभावाचा काही संबंध निघाला नाही. विषय संपला.

आणि कानाच्या वर पुढे काय असते ते आत्ताच पाहून घ्या. दोन बोटं तिथे ठेवा आणि दात घट्ट दाबा. फुगलं न? तो चावण्याचा स्नायू आहे. ज्याला भासरे चोरीचं टेंगूळ म्हणून राहिले तिथे सगळ्यांनाच हा स्नायू असतो, आणि तर्री पोहे, सावजी रस्सा आणि फुटाणे खाणाऱ्या नागपूरकरांना तर चांगला कमावलेला असतो. एक मात्र आई म्हणून लक्षात ठेवा, उंचवटा लहानपणापासून तसाच असेल तर सोडून द्या, पण नवीन आला असेल, दुखत असेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरला दाखवा. ते चाचपणं कामाचं.

तुमचे भासरे हुशार असतील तर म्हणतील, अहो पण मी सांगितलेलं किती जणांना पटलं! पटणारच. याच्यावर मार्क ट्वेनचा किस्सा भारी आहे. हा अमेरिकेचा विनोदी लेखक, लंडनला फाउलर नावाच्या नावाजलेल्या फ्रेनॉलॉजिस्टकडे नाव न सांगता गेला. फाउलरने डोकं तपासलं आणि सांगितलं की एका जागी खड्डा आहे, तो म्हणजे विनोदबुद्धी अजिबात नाही. काही महिन्यांनी ट्वेन आपलं नाव सांगून परत गेला. खड्डा गायब! त्याच जागी एव्हरेस्टएवढा डोंगर निघाला म्हणे. ट्वेनने स्वतः लिहून ठेवलंय हे, आता तो मीठमसाला लावणारा माणूस, थोडा लावला असेल, पण मुद्दा चोख आहे. ओळखीच्या माणसाचं डोकं चाचपून स्वभाव सांगायला काही लागत नाही, घरच्यांचे स्वभाव भासऱ्यांना चाळीस वर्षं माहीत आहेत.

या विद्येला हरवणं कठीण, ही पण एक गोष्ट समजून घ्या म्हणजे तुम्ही वाद घालत बसणार नाही. चोरीचं टेंगूळ असून माणूस सज्जन निघाला तर म्हणतात टाळूवरचं भक्तीचं टेंगूळ मोठं आहे, त्याने सांभाळून घेतलं. टेंगूळ नसून चोर निघाला तर संगत वाईट होती. प्रत्येक वेळी पळवाट तयार. म्हणून भासऱ्यांना एमआरआय वगैरे सांगायला जाऊ नका, तुम्ही धाकट्या सून, ते मोठे, वाद टेंगळावरून सुटून मानपानावर जाईल आणि मग सगळेच तुमच्या विरुद्ध.

आता करायचं काय.

पहिलं काम पोराचं. त्याला जवळ घ्या म्हणत नाही मी, तो सध्या घेऊ देणार नाही, आठवीतला आहे. स्वयंपाकघरात वांगी चिरता चिरता, म्हणजे त्याच्या डोळ्यात न बघता सांगा, की नोट तू घेतली असं मला वाटत नाही, मी तुला एकदाही विचारलं नाही ते म्हणूनच, आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा मी गप राहिले ते मला आवडलं नाही. एवढंच. मग विषय बदला. "तू घेतली असशील तर सांग, मी रागावणार नाही" हे चुकूनही म्हणू नका, लाडाने म्हटलं तरी तो संशयच असतो आणि पोरांना तो लगेच कळते. खरंच संशय येण्यासारखं वेगळं काही असेल, तर तो विषय वेगळा, त्याच्याशी एकट्यात बोला, पण टेंगूळ हा काही पुरावा नाही.

दुसरं मिस्टरांचं. "दादाला काय बोलू" हे उत्तर त्यांना आता परवडणार नाही. भाऊ त्यांचा आहे, बोलायचं त्यांनीच, आणि सगळ्यांसमोर नाही, दोघं फिरायला फुटाळ्याला जातील तेव्हा. वाक्य मी देते: दादा, तुझा नाद चालू दे, पण पोराच्या डोक्याला आता हात लावायचा नाही आणि त्याच्याबद्दल चिकट हात वगैरे परत बोलायचं नाही, तो मनाला लावून बसलाय. पुस्तक खरं की खोटं यावर एक शब्द नको. माझा अंदाज असा की भासऱ्यांना याचा पत्ताच नसेल, रिटायर माणूस आहे, ऑफिसात लोक विचारायचे आता कोणी विचारत नाही, तर चार लोक डोकं पुढे करून बसतात त्यात त्यांना बरं वाटून राहिलं असेल. वाईट माणूस नसेल तो. पण म्हणून पोराने किंमत मोजायची हे चालणार नाही, आणि समज देऊनही ते थांबले नाहीत तर मग तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर, एका वाक्यात सांगायचं, मोठेबाबा, याचं डोकं नाही तपासायचं. आवाज चढवू नका, फक्त पोराला तिथून उठवून घेऊन जा.

तिसरं, नोट. शंभरात नव्वद वेळा सासूबाईंच्या डब्यातली नोट दुसऱ्या डब्यात, पोथीत नाहीतर उशीच्या अभ्र्यात सापडते. सापडली तर ज्यांनी पोराकडे पाहिलं होतं त्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं की सापडली. इथे मी अजिबात सोडणार नाही. आणि नाही सापडली तर विषय पाचशे रुपयांचा आहे, पोराचा नाही.

जाता जाता एक, भासऱ्यांना कोणी सांगेल की आता हे मशीनवर होते, बोटांचे ठसे घेऊन पोराची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या टेस्ट निघाल्या आहेत, डीएमआयटी म्हणतात. शाळेबाहेर पॅम्प्लेट वाटतात, हजारो रुपये घेतात. त्यालाही शास्त्रीय आधार नाही असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलंय. पैसे वाचवा, तेवढ्यात पोराला रमन सायन्स सेंटरला दहा वेळा नेऊन आणता येईल.

आणि प्रदर्शनाचं, हो, घेऊ द्या, शंभर टक्के घेऊ द्या! पण डोक्याचं चित्र काढून खाने रंगवले आणि खाली इतिहास लिहिला असं नको, तसं केलं तर बघणाऱ्यांना ते खरंच वाटेल. त्याला प्रयोग करायला लावा. वर्गातली दहा पोरं घ्यायची, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या दोन मित्रांनी एकमेकांना न सांगता प्रत्येकाचं डोकं चाचपून कागदावर लिहायचं की कुठे कुठे उंचवटा आहे. मग दोघांचे कागद शेजारी ठेवून किती जुळलं ते मोजायचं. स्वभाव दूरच राहिला, टेंगूळ कुठे आहे यावर तरी दोघांचं एकमत होते का ते पाहायचं. गुण कोणाचाही लिहायचा नाही, नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर, आणि ज्याला डोक्याला हात लावलेला चालत नाही त्याला घ्यायचं नाही, हा नियम पोराला स्वतःच्या हाताने तक्त्यावर सगळ्यात वर लिहू द्या. भासऱ्यांचं पुस्तक मात्र त्यांना विचारून घ्या, आणि तक्त्याच्या खाली "पुस्तक: मोठेबाबांकडून" असं लिहायला सांगा.